चोवीस तासांची बेरीज आणि मोबाइलचा पडदा

मोबाइल डोळ्यांना वाईट का, असा प्रश्न वर्गात विचारला की एक उत्तर हमखास येते : "त्यातून किरण येतात म्हणून." पण किरण तर देवघरातल्या समईतूनही येतात. समोरच्या फळ्यापासून, शेजारच्या मित्राच्या सदऱ्यापासूनही येतात. एखाद्या वस्तूपासून निघालेले प्रकाशकिरण आपल्या डोळ्यांत शिरतात, म्हणूनच ती वस्तू आपल्याला दिसते. तेव्हा नुसते 'किरण येतात' म्हणून भागणार नाही. किरण कोणते, किती, किती अंतरावरून आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, असे आणखी चार प्रश्न विचारले पाहिजेत.

हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण रोगाचे निदान चुकले की औषधही चुकते. किरणांची भीती वाटणारा विद्यार्थी निळसर काचांचा चष्मा विकत घेतो, पडद्यावर एक चिकटकाच लावतो आणि निर्धास्तपणे रात्री बारापर्यंत मोबाइल पाहतो. त्याचे खरे नुकसान कोठे होते आहे, हे त्याला समजलेलेच नसते. ते समजून घेण्याचा प्रयत्न आपण या लेखात करू आणि मग पडद्यापुढचा वेळ कमी कसा करता येईल, याचाही विचार करू.

किरणांची भीती कितपत खरी?

ही भीती जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या काळापासून चालत आली आहे. त्या संचात काचेची एक मोठी नळी असे. नळीच्या मागच्या टोकाकडून निघालेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्ट विभवांतरामुळे प्रचंड वेग घेऊन पुढच्या पडद्यावर आदळत. असे वेगवान इलेक्ट्रॉन एकदम अडवले गेले की क्ष-किरण निर्माण होतात. ते बाहेर पडू नयेत म्हणून नळीच्या काचेत शिशासारख्या जड मूलद्रव्यांची संयुगे मिसळलेली असत. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत संचांमधून प्रमाणाबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे आढळले, तेव्हा तेथे मोठा गवगवा झाला आणि पुढच्याच वर्षी त्यासंबंधी कायदा करण्यात आला. म्हणजे 'संचाच्या फार जवळ बसू नका' या सूचनेला त्या काळी थोडा आधार होता.

आजच्या मोबाइलमध्ये ती नळीच नाही. अनेक पडद्यांमागे प्रकाश देणारे छोटे डायोड, म्हणजे एलईडी, असतात. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडवर एका विशिष्ट पदार्थाचा थर दिला, की तो थर निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून पिवळसर प्रकाश देतो आणि दोन्ही मिळून पांढरा प्रकाश दिसतो. हा निळा डायोड बनवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर असते. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा काढली तर ती सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. रेणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढायला साधारणपणे १० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. मोबाइल ज्या रेडिओलहरींवर चालतो, त्यांच्या फोटॉनची ऊर्जा तर निळ्या प्रकाशाच्या फोटॉनच्या लाखो पटींनी कमी असते. क्ष-किरणांशी या दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही.

आता 'किती' हा प्रश्न घेऊ. घरात वापरताना मोबाइलच्या पडद्याची दीप्ती बहुधा दर चौरस मीटरला १०० ते ५०० कॅन्डेला एवढी असते. भर दुपारी उन्हात एक पांढरा कागद ठेवा. त्यावर सुमारे १ लाख एकक प्रकाश पडतो. या एककाला लक्स म्हणतात. कागद त्यातला ८० टक्के परत फेकतो असे धरून गणित केले, तर त्याची दीप्ती २५,००० कॅन्डेलाच्या आसपास येते. म्हणजे घरात वापरताना बराच उजळ ठेवलेल्या मोबाइलच्या ५० पट! आपले आजोबा-पणजोबा शेतात, अंगणात, रस्त्यावर याच प्रकाशात जन्मभर वावरले. सूर्याकडे थेट पाहू नये हे खरेच, पण पडद्यातून येणारा उजेड डोळे 'जाळतो', या म्हणण्याला आकडे साथ देत नाहीत.

मग त्या निळ्या प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचे काय? अशा चष्म्यांवर झालेल्या १७ चाचण्यांचा आढावा 'कोक्रेन' या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला. संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा शीण साध्या चष्म्यापेक्षा या चष्म्याने कमी होतो, असे त्या थोड्या मुदतीच्या चाचण्यांत दिसून आले नाही.

खरा प्रश्न अंतराचा

डोळे दुखतात, चुरचुरतात, डोके जड होते, हा अनुभव मात्र खोटा नाही. त्याचे पहिले कारण अंतरात आहे.

आपल्या डोळ्याची एकूण अभिसारी शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातील ४० डायॉप्टरपेक्षा अधिक शक्ती बाहेरच्या पारदर्शक पटलाची, म्हणजे पारपटलाची असते आणि ती बदलत नाही. आतले भिंग मात्र लवचिक असते. दूरचा डोंगर पाहताना भिंगाभोवतीचे स्नायू सैल असतात. जवळचे पाहताना ते आकुंचन पावतात, भिंग फुगीर होते आणि त्याची शक्ती वाढते. यालाच आपण पाठ्यपुस्तकात समायोजन म्हणतो. किती शक्ती वाढवावी लागेल, हे काढणे फार सोपे आहे : मीटरमधील अंतराने १ ला भागा. ६ मीटरवरच्या झाडासाठी १/६ डायॉप्टर लागतो. ३ मीटरवरच्या दूरचित्रवाणी संचासाठी १/३ डायॉप्टर, ५० सेंटिमीटरवरच्या संगणकासाठी २ डायॉप्टर, २५ सेंटिमीटरवरच्या मोबाइलसाठी ४ डायॉप्टर आणि अंथरुणात पडून नाकाजवळ, १५ सेंटिमीटरवर, धरलेल्या मोबाइलसाठी जवळजवळ पावणेसात डायॉप्टर!

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. एक तास दूरचित्रवाणी आणि एक तास मोबाइल, दोन्ही घड्याळाच्या हिशेबाने सारखे असले तरी डोळ्याच्या स्नायूंच्या हिशेबाने सारखे नाहीत. मोबाइलसाठी डोळ्याला बारा पट अधिक समायोजन करावे लागते. शिवाय जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळवावे लागतात. तोही भार स्नायूंवरच पडतो. हाताचा पंजा तासभर अर्धवट मिटून धरा असे कोणी सांगितले तर तुम्ही पाच मिनिटांत कंटाळाल. डोळ्याच्या स्नायूंकडून मात्र आपण तेच काम तासन्‌तास करून घेतो.

दुसरे कारण पापणीचे. पापणी लवते तेव्हा डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर नव्याने पसरतो. १९९३ साली त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी शास्त्रज्ञांनी १०४ कर्मचाऱ्यांच्या पापण्या मोजल्या. निवांत बसले असताना त्यांची पापणी मिनिटाला सरासरी २२ वेळा लवत होती, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यापुढे केवळ ७ वेळा. थर नव्याने पसरला नाही तर तो वाळतो आणि डोळे चुरचुरतात. येथे किरणांचा काही संबंध नाही. मन एखाद्या गोष्टीत गुंतले की पापणी लवायची राहते.

हा शीण बहुधा तात्पुरता असतो. विश्रांती घेतली, झोप झाली की तो जातो. पण वाढत्या वयात आणखी एक गोष्ट घडू शकते आणि ती परत फिरवता येत नाही. तिच्याकडे आता वळू.

मिलिमीटरभर लांबीची किंमत

जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या माणसाचा २४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हाडांप्रमाणे डोळाही वाढतो. ही वाढ भिंगाच्या शक्तीशी जुळवून घेत झाली, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा बरोबर दृष्टिपटलावर पडते. डोळा गरजेपेक्षा जास्त लांब झाला, तर प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते आणि फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागतात. हीच निकटदृष्टिता. डोळ्याची लांबी केवळ १ मिलिमीटरने अधिक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीच डायॉप्टरने वाढतो. चष्मा लावून दिसायला लागते, परंतु लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर फार वाढला, तर पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटण्यासारख्या गंभीर विकारांचा धोकाही वाढतो.

डोळा असा लांबतो कशामुळे? आईवडिलांकडून आलेला वारसा हे एक कारण आहेच. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सर्वांना विचारात पाडले. संशोधकांनी सिडनी आणि सिंगापूर या दोन शहरांतली, चिनी वंशाची, ६-७ वर्षांची मुले तपासली. वंश एक, वय एक. दोन्हीकडे चष्मा असणाऱ्या पालकांचे प्रमाणही साधारण सारखे. तरी सिंगापूरच्या मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण २९.१ टक्के, तर सिडनीच्या मुलांत केवळ ३.३ टक्के होते. सिडनीची मुले वाचत कमी असतील असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात ती पुस्तके जास्तच वाचत होती! मोठा फरक वेगळ्याच ठिकाणी होता. सिडनीची मुले आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर उघड्यावर असत, तर सिंगापूरची मुले सुमारे तीन तास.

एवढ्यावरून उघड्यावर राहणे हेच कारण, असे म्हणता येत नाही. दोन शहरांत इतरही फरक असतात. म्हणून चीनमधील ग्वांगचौ शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये प्रत्यक्ष चाचणी घेण्यात आली. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर देण्यात आला, बाकीच्या शाळांत नेहमीचेच वेळापत्रक चालू राहिले. २०१० ते २०१३ अशी तीन वर्षे हे चालले. अखेरीस नेहमीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली होती, तर मैदानाचा तास असलेल्या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे उघड्यावर घालवावीत, अशी मोहीमच हाती घेतली.

उघड्यावर असे काय असते? पुन्हा लक्सकडे या. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, रात्री घरात बहुधा १०० ते २००. झाडाच्या सावलीत मात्र तो हजारोंच्या घरात जातो आणि उन्हात १ लाखापर्यंत. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. शिवाय मैदानावर नजर दूरवर जाते, हाही लाभ आहेच.

आता मोबाइलपासून डोळ्यावर किती प्रकाश पडतो, ते पाहू. पडदा १५ सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद, दीप्ती ३०० कॅन्डेला, अंतर ३० सेंटिमीटर. क्षेत्रफळ ०.०१०५ चौरस मीटर. त्याला ३०० ने गुणले की सुमारे ३ कॅन्डेला. व्यस्त वर्गाच्या नियमाप्रमाणे अंतराच्या वर्गाने, म्हणजे ०.०९ ने, भागले की उत्तर येते ३५ लक्स. डोळ्याला वाढीसाठी हजारो लक्स हवेत आणि हा पडदा देतो पस्तीस. किरणांची भीती बाळगणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते, की पडद्याची अडचण त्याच्या उजेडाच्या भरपूरपणाची नाही. दिवसा तो आपल्याला कमी उजेडात बसवून ठेवतो, ही अडचण आहे.

रात्री गणित उलटते

हेच ३५ लक्स रात्री मात्र क्षुल्लक नसतात. आपल्या दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा शोध लागला. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात आणि 'अजून दिवस आहे' असा निरोप मेंदूतील घड्याळाला पाठवतात. मग झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवायला उशीर होतो. बोस्टन येथे केलेल्या एका प्रयोगात १२ जणांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास स्वयंप्रकाशी पडद्यावर आणि दुसऱ्या पाच रात्री छापील पुस्तकातून वाचायला दिले. पडद्याच्या रात्रींनंतर त्यांचे आतले घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले आणि झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. प्रयोग लहान होता, पडदाही पूर्ण उजळलेला ठेवला होता, हे विसरू नये.

पण झोपेचा याहून मोठा तोटा समजायला प्रयोगशाळा नको, साधी वजाबाकी पुरे. साडेदहाला झोपणारा विद्यार्थी 'एकच चित्रफीत' म्हणत बाराला झोपतो आणि शाळेसाठी नेहमीप्रमाणे साडेसहाला उठतो. दीड तास गेला. आठवड्याचे सहा दिवस असे घडले तर नऊ तास, म्हणजे एक अख्खी रात्र गेली. तुमच्या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करत असतो. तेव्हा परीक्षेच्या दिवसांत ही हरवलेली रात्र कोठून भरून काढणार?

एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल, की मैदान काय आणि झोप काय, दोन्ही ठिकाणी मोबाइलने एकच गोष्ट केली : दुसऱ्या कशाची तरी जागा घेतली. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तुम्ही शिकला आहात. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. दिवसाच्या तासांचेही तसेच आहे. बेरीज नेहमी २४ च. झोप ८, शाळा ७, जेवणखाण, आंघोळ, येणेजाणे ३, अभ्यास ३. उरले ३. हे तीन तास पडद्याला दिले, तर मैदानाला शून्य. तीनाऐवजी पाच दिले, तर वरचे दोन झोपेतून किंवा अभ्यासातून आले, मग आपण ते कबूल करू वा न करू. रोज तीन तास म्हणजे वर्षाला १०९५ तास, जागेपणीचे १६ तासांचे ६८ दिवस!

अंगठा थांबत का नाही?

'इच्छाशक्ती वाढवा' असा उपदेश तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. तो वाईट नाही, पण अपुरा आहे. जुन्या काळी दूरदर्शनचे प्रक्षेपण रात्री ठरावीक वेळी संपत असे. पुस्तकाचे प्रकरण संपते, खेळाचा डाव संपतो, अंधार पडला की मैदानावरून घरी यावेच लागते. मोबाइलवरच्या चित्रफितींना असा शेवटच नसतो. एक संपण्याआधी दुसरी खालून डोके वर काढते.

त्यात आणखी एक गंमत आहे. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी ठरल्याप्रमाणे दाणा मिळाला, तर दाणे बंद झाल्यावर प्राणी लवकरच कळ दाबणे सोडून देई. पण दाणा कधी दुसऱ्या खेपेला, कधी दहाव्या, कधी तिसऱ्या असा अनियमित मिळत गेला, तर तो प्राणी कळ दाबतच राही. मोबाइलवर दहा चित्रफिती सामान्य निघतात आणि अकरावी झकास निघते. ती नेमकी कितवी, हे आधी कळत नाही. म्हणून अंगठा चालूच राहतो. अंगठा थांबत नाही तो तुम्ही दुबळ्या मनाचे आहात म्हणून नव्हे, तर मांडणीच तशी आहे म्हणून. मग उपायही मांडणी बदलूनच केला पाहिजे.

पडद्यापुढचा वेळ कमी करताना

पहिली पायरी मोजण्याची. मोबाइलमध्येच रोजच्या वापराची नोंद होत असते. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' या नावाखाली ती सापडेल. पाहण्यापूर्वी स्वतःचा अंदाज वहीत लिहून ठेवा. सात दिवस काहीही न बदलता फक्त नोंद करा. शाळेच्या अभ्यासासाठी गेलेला वेळ वेगळ्या रकान्यात मांडा, कारण मोबाइलवर गणिताचा धडा समजून घेणे आणि नुसते चाळत बसणे यांना एकाच तराजूत घालणे योग्य नाही.

दुसरी पायरी, रिकामा होणारा वेळ आधीच भरून ठेवण्याची. बेरीज २४ राहणार असेल, तर पडद्याचा एक तास काढल्यावर तेथे दुसरे काहीतरी येणारच. ते ठरवले नाही, तर पुन्हा पडदाच येईल. 'मोबाइल कमी पाहीन' या निश्चयापेक्षा 'साडेपाच ते साडेसहा मैदानावर असेन' हा निश्चय पाळायला सोपा जातो. त्यात उजेडही मिळतो आणि दूरचे पाहणेही होते.

तिसरी पायरी अडथळ्याची. रासायनिक अभिक्रिया सुरू व्हायला आधी थोडी ऊर्जा द्यावी लागते, तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. ती जास्त असेल तर अभिक्रिया मंदावते. मोबाइल उशीजवळ असेल तर हा अडथळा शून्य असतो. तो दुसऱ्या खोलीत, कपाटावर ठेवला तर उठून जावे लागते आणि तेवढ्यानेच पुष्कळ फेऱ्या वाचतात. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात भारणीला लावावा आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ वापरावे. घर एका खोलीचे असेल, तर मोबाइल आईच्या किंवा वडिलांच्या हाती द्यावा. अभ्यास करताना सूचनांचे आवाज बंद ठेवावेत.

चौथी पायरी अंतराची. जे कार्यक्रम पाहायचेच आहेत, ते शक्य तर मोठ्या पडद्यावर, लांबून पाहावेत. मोबाइल हातभर अंतरावर धरावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर वीस फुटांपलीकडे पाहावे, आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात.

पाचवी पायरी सर्वांत अवघड आणि सर्वांत परिणामकारक : एकट्याने न करता सर्वांनी मिळून करणे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. कोरोनाच्या साथीत शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, असे तेथील पालकांच्या ध्यानात आले. ग्रामसभेत चर्चा झाली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने एक प्रघात पाडला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे. घरोघरचे मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच बंद होत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करीत, मोठी माणसे वाचीत किंवा आपसांत बोलत. या दीड तासात सवलत कोणालाच नव्हती, मोठ्यांनाही नाही. यातली युक्ती ध्यानात घ्या. एकट्या मुलाने मोबाइल ठेवला, तर मित्रांचे काय चालले आहे ही चुटपुट त्याला लागून राहते. सगळ्यांचेच बंद असतील, तर चुकण्यासारखे काही उरतच नाही. गावाला जे जमले, ते एका घराला, एका इमारतीला, एका वर्गाला जमण्यासारखे आहे. मात्र त्या वेळी वडीलमंडळींनीही हातातला मोबाइल खाली ठेवला पाहिजे.

करून पाहा

१. तीन मित्रांचा गट करा. एक बोलेल, मग पुस्तक वाचेल, मग मोबाइल पाहील. दुसऱ्याने प्रत्येक वेळी दोन मिनिटे त्याची पापणी किती वेळा लवते ते मोजावे, तिसऱ्याने घड्याळ पाहावे. काय मोजत आहात ते पहिल्याला आधी सांगू नका, नाहीतर तो मुद्दाम पापण्या मिटेल.

२. मोबाइल पाहायला सुरुवात करताना डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन्ही अंतरांसाठी लागणारे डायॉप्टर काढा. मोबाइल नकळत जवळ येतो का?

३. बहुतेक मोबाइलमध्ये उजेड मोजणारा संवेदक असतो. लक्स दाखवणारे एखादे मोफत साधन त्यात घ्या आणि वर्ग, खिडकीजवळचा बाक, व्हरांडा, झाडाची सावली आणि मैदान येथील आकडे नोंदवा. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका. वर्गाच्या किती पट उजेड मैदानावर मिळतो?

४. पहिल्या आठवड्याची पडद्याच्या वेळेची नोंद आणि वरील उपाय सुरू केल्यानंतरच्या चार आठवड्यांची नोंद एकाच आलेखावर काढा. त्याच आलेखावर झोपेचे आणि मैदानावरचे तासही वेगळ्या रंगांनी दाखवा.

शिक्षकांनी हे आलेख वर्गात नावे न घालता लावावेत. कोणाचा वेळ सर्वांत कमी, याची शर्यत लावण्यापेक्षा एक रेषा खाली येते तेव्हा दुसरी कोणती रेषा वर जाते, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे. एखाद्याच्या आलेखात पडद्याची रेषा खाली आली, पण झोपेची आणि मैदानाची जागची हलली नाही, तर ते तास कोठे गेले, यावरही वर्गात चर्चा करता येईल.